पाणीखात्यातल्या माणसाच्याच घरी गळती

गोव्यातल्या ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून फोंड्याला येणारं खांडेपार नदीचं पाणी हा माझा रोजचा धंदा. तरी गेल्या महिन्यात माझ्याच घरचं बिल फुगलं. बायको म्हणाली, "लोकांच्या गळत्या शोधता, आता घरची बघा."

रात्री दहाला टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मीटरचा आकडा लिहून ठेवला. पहाटे पाचला आकडा ८४ लिटरने पुढे! म्हणजे तासाला १२ लिटर, महिन्याला साधारण साडेआठ युनिट (१ युनिट म्हणजे १००० लिटर). गळती मीटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्येच होती. पण अंगण कोरडं ठाक. आमच्याकडे हेच फसवतं: जांभा दगड सच्छिद्र, पाणी वर न येता खालच्या खाली मुरतं.

मग जुनी युक्ती. सगळं निजल्यावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपवर, मूठ कानाला. तीन ठिकाणी काहीच नाही, चिऱ्याच्या पायरीपाशी बारीक सूं सूं. शेजारच्या काकांना वाटलं, मला वेड लागलंय.

पायरी उचलली तर जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून चाळणी झालेला. नुसता एल्बो बदलायचा मोह झाला, पण शेजारचा पाईपही तसाच खाल्लेला. पायरीखालचा अख्खा तुकडा काढून एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) पाईप टाकला, खाली-वर वाळू भरली. चिरा थेट पाईपवर टेकू दिला नाही.

दुसऱ्या रात्री आकडा जागच्या जागी. पायरी मात्र अजून डुगडुगते.