समोरच्याने घासाघीस करण्याआधीच स्वतःचा भाव पाडता? या चुका टाळा

कमाई कमी असण्यामागे बाजार, ओळखी, नशीब ही कारणं असतात, नाही असं नाही. पण हातात चांगलं काम असलेली कितीतरी माणसं कुणी मागण्याआधीच स्वतःचा भाव उतरवतात. त्यांचं हे नुकसान पाहून वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं.

सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." ऐकायला नम्र वाटतं, पण आकडा ठरवायचा हक्क आपण समोरच्याला देऊन टाकतो. पुढची सगळी बोलणी मग त्याच्या पहिल्या आकड्याभोवतीच फिरतात. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवून दिलं, की चक्र फिरवून आलेला, विषयाशी काडीचाही संबंध नसलेला आकडासुद्धा लोकांचे अंदाज वर-खाली करतो. म्हणून आपला आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा. तो सांगा आणि थांबा. समोरचा विचार करत असताना ती शांतता असह्य होते आणि "थोडं कमी-जास्त करू" असं तोंडातून निघून जातं. तेवढं आवरा.

"दहा टक्केच तर सोडले" म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. काम 100 चं, खर्च 70, नफा 30. भाव 90 केला, की नफा 20. म्हणजे एक तृतीयांश नफा गेला, आणि आधीइतकं कमवायला आता दीडपट काम. गिऱ्हाइकाला खरंच परवडत नसेल, तर कामातला एखादा भाग वगळा, दर तोच ठेवा.

नोकरीत हीच चूक जास्त काळ छळते. पगारवाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे रुजू होताना सोडलेली रक्कमही दरवर्षी वाढत जाते. वाढ 7 टक्के धरली, तर दहा वर्षांत तो फरक जवळजवळ दुप्पट होतो.

"जाता जाता एवढं करून द्या" हेही असंच. 20 तासांच्या कामावर 5 तास फुकट गेले, की तासाचा दर 20 टक्क्यांनी घसरला. किती वेळा बदल करून देणार, हे सुरुवातीलाच लिखित ठरवा.

आणि बिल. पैसे मागायला संकोच वाटतो म्हणून ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं, तोवर गिऱ्हाईक कामाची निकड विसरलेलं असतं. काम सोपवाल त्याच दिवशी बिल पाठवा, त्यावर पैसे देण्याची तारीख घाला, आणि ती उलटली की दुसऱ्या दिवशी फोन करा.