मर्जच्या बटणावरून हात कसा काढावा : सॉफ्टवेअर कंपनी काढलेल्यांसाठी

पहिली दोन-तीन वर्षं कंपनी म्हणजे तुम्हीच असता. कोड तुमचा, त्यातला प्रत्येक बदल मर्ज करणारे, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळणारे तुम्ही, क्लायंटची बोलणी खाणारे तुम्ही, ऑफिसचं वायफाय गेलं तरी टेबलाखाली वाकणारे तुम्हीच. माणसं पाच-सहा असतात तोवर हे चालतं, मजाही येते. पंधरा-वीस झाली की गाडी अडायला लागते, आणि ती कुठे अडतेय हे तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसत असतं. पुण्यात बाणेरच्या एका टू बीएचकेमध्ये सुरू केलेली कंपनी चालवताना मला ते कळायला पाच वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

आधी आठवडाभर वही ठेवा

सोमवार ते शुक्रवार, कुणीही काहीही विचारायला आलं की एक ओळ लिहायची: कोण, काय, किती वाजता. व्हॉट्सॲपवरचे प्रश्नही धरा. उत्तरं नेहमीसारखीच द्या. शनिवारी निवांत बसून प्रत्येक ओळीपुढे खूण करा. ज्याचं उत्तर खरोखर तुमच्याशिवाय कुणाकडे नव्हतं तिथे ‘मी’. उत्तर लिहून ठेवलेलं नाही म्हणून विचारावं लागलं तिथे ‘कागद’. आणि समोरच्याला उत्तर ठाऊक होतं, फक्त तुमची मान हलायला हवी होती, तिथे ‘मान’.

माझ्या वहीत ६३ ओळी भरल्या. त्यात ‘मी’ सात, ‘मान’ एकेचाळीस. एक ओळ अजून आठवते: बुधवार, सव्वाचार, ‘सर, प्रिंटरचं टोनर मागवू का?’

‘कागद’वाल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना दिसेल अशा फाइलमध्ये लिहून टाका, दोन दुपारींचं काम आहे. गोम आहे ती ‘मान’मध्ये.

काम वाटता, तसे निर्णयही वाटा

आपण काम वाटून देतो आणि निर्णय खिशात ठेवतो. म्हणून तर लोक दाराशी येतात. एका पानावर लिहून द्या: सपोर्ट बघणाऱ्याने १५,००० रुपयांपर्यंतचा परतावा न विचारता द्यावा. टीम लीडने रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, दोन दिवसांपर्यंत पुढे ढकलावी. ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी ऑफिस सांभाळणाऱ्यांनी करावी. रकमा आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण आकडा हवाच. ‘तुझं तू बघ रे’ म्हटलं की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी येतो.

मग एक दिवस कुणीतरी त्या मर्यादेत राहूनच चुकीचा निर्णय घेतं. तो तुम्ही सगळ्यांदेखत फिरवलात, तर तुमचं ते पान रद्दीत गेलं असं समजा. दोन-तीन दिवस गप्प बसा, मग एकट्याला गाठून बोला. मर्यादा बदलावीशी वाटली तर पुढच्यासाठी बदला. झालेला निर्णय तसाच राहू द्या.

प्रॉडक्शनची चावी परत करा

प्रॉडक्शन म्हणजे क्लायंट प्रत्यक्ष वापरतात ती चालू यंत्रणा. तिची चावी सोडणं सगळ्यांत अवघड. माझं झालं ते सांगतो. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. १ जुलैच्या रात्री साडेबाराला घरून मी तारखेच्या मांडणीत एक किरकोळ बदल केला आणि कुणाला न दाखवता थेट वर चढवला. त्या बदलाने दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली. ३ जुलैचं बिल ७ मार्चचं म्हणून नोंदलं जाऊ लागलं. ७/७ चं तेवढं बरोबर निघालं, म्हणून ज्याने सहज एक बिल उघडून पाहिलं त्यालाही काही वावगं दिसलं नाही. १२ तारखेपर्यंत सगळं बिनबोभाट चाललं. १३ला बिलंच निघेनात, कारण तेरावा महिना नसतो.

दुरुस्ती तासाभराची होती. निस्तरायला तीन आठवडे लागले, कारण क्लायंटच्या कर सल्लागारांना फोन करून चुकलेल्या तारखा एकेक करून सांगाव्या लागल्या. १३च्या संध्याकाळी आमची सर्वांत नवी प्रोग्रामर म्हणाली, ‘सर, मला तीन तारखेलाच दिसलं होतं. पण तुम्ही केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल, असं वाटलं.’

बगचं मला फारसं काही वाटलं नाही, बग होतातच. हे वाक्य मात्र झोंबलं.

चावी एकदम देऊन टाकू नका. पहिल्या महिन्यात गिटहबवर, म्हणजे कोड ठेवतो त्या साइटवर, मुख्य ब्रँच (कोडची मूळ प्रत) संरक्षित करा, दुसऱ्याने तपासणं सक्तीचं करा आणि तो नियम ॲडमिनलाही लागू होईल अशी सेटिंग चालू करा, म्हणजे दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय तुमचाही बदल मर्ज होणार नाही. दुसऱ्या महिन्यात सर्व्हरचा थेट प्रवेश दोघांकडे द्या, त्या दोघांत तुम्ही नको. तिसऱ्या महिन्यात आणीबाणीचा पासवर्ड अशा ठिकाणी ठेवा, की तो उघडला तर सगळ्या टीमला मेल जाईल. हात शिवशिवलेच तर ज्यांची कुणी वाट बघत नाही अशी ऑफिसपुरती छोटी साधनं लिहा. मी हजेरीचा रिपोर्ट लिहिला. तो कुणी वापरत नाही, पण माझी रात्र छान गेली.

फळ्यावर चार चौकोन काढा

स्टीव्ह जॉब्स म्हटलं की लोकांना काळा शर्ट आणि स्टेज आठवतं. मला तो ॲपलच्या, स्वतःच काढलेल्या कंपनीच्या, बाहेर होता ती १९८५ ते १९९७ ही मधली बारा वर्षं जास्त कामाची वाटतात. ज्या जॉन स्कलीला त्याने १९८३ मध्ये पेप्सिकोमधून ॲपलचा सीईओ म्हणून आणलं, त्याच्याशीच बिनसलं, आणि संचालक मंडळ स्कलीच्या बाजूने गेलं. मग जॉब्सने बाहेर पडून नेक्स्ट ही संगणक कंपनी काढली. १९८८ मध्ये तिचा देखणा, काळा, घनाकृती संगणक आला. किंमत ६,५०० डॉलर, आणि गिऱ्हाईक बेताचंच. १९९३ मध्ये यंत्रं बनवणं थांबवून नुसत्या सॉफ्टवेअरवर यावं लागलं. १९८६ मध्ये घेतलेल्या पिक्सारमध्ये तो पैसा ओतत होता, करार करत होता, पण ॲनिमेशनपट घडवण्याचं काम जॉन लॅसेटर, एड कॅटमल आणि त्यांच्या लोकांचं होतं.

ॲपलमध्ये परत आल्यावर त्याने तिथली बरीचशी उत्पादनं बंद केली आणि चार चौकोन आखले: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. १९९८ मध्ये टिम कुकला आणलं आणि मालाची, पुरवठ्याची कटकट त्याच्यावर सोडली. स्वभावाचा तिखटपणा गेला नाही, आणि त्याचं अनुकरण करायला जाल तर माणसं पळतील. अनुकरण चौकोनांचं करा. तुमची सगळी उत्पादनं आणि एकेका क्लायंटसाठी केलेल्या खास सोयी चौकोनांत बसवून बघा. बाहेर उरेल त्याला बंद होण्याची तारीख द्या आणि क्लायंटला स्वतः फोन करून सांगा. एवढं एक काम दुसऱ्यावर ढकलू नका.

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास

तुमच्या हाताखाली थेट काम करणाऱ्या प्रत्येकाशी, ठरल्या वेळी. टपरीवर चहा घेत बोललात तरी चालेल, फोन मात्र खिशात. प्रश्न एकच पुरे: ‘माझ्यामुळे तुझं काय अडलंय?’ पहिले तीन आठवडे ‘काही नाही सर, सगळं मस्त’ असंच ऐकायला मिळेल. चौथ्या आठवड्यात काहीतरी फुटकळ निघेल, खुर्ची किंवा मीटिंगची वेळ. ते लगेच मार्गी लावा, कारण खरी तक्रार त्याच्या मागे रांगेत उभी असते. आणि ती आली की स्पष्टीकरण देत बसू नका. लिहून घ्या, आणि पुढच्या भेटीत तिचं काय झालं इथूनच सुरुवात करा.

जे जमत नाही त्यासाठी माणूस आणा

पुण्यातल्या क्विक हीलचं उदाहरण घरचंच आहे. कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले, पुढे दुरुस्तीचा धंदा त्यांनी उभा केला आणि अँटिव्हायरस लिहिला धाकट्या भावाने, संजय यांनी. गूगलच्या दोघा संस्थापकांनी २००१ मध्ये एरिक श्मिटला सीईओ केलं, आणि त्या दोघांतला लॅरी पेज त्या खुर्चीवर परतला तो २०११ मध्ये. तुम्हाला विक्री जमत नसेल तर विक्रीवाला आणा, आणि त्याचा पगार तुमच्यापेक्षा जास्त निघाला तर बिचकू नका.

दहा दिवस गायब व्हा

आधी कळवा, तुमच्या जागी कोण ते नाव लिहून द्या, लॅपटॉप घरी ठेवा. मी गुहागरला गेलो, फोन बायकोच्या पर्समध्ये. चौथ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर चोरून पाहिला. ऑफिसचा एकही मिस्ड कॉल नव्हता. खरं सांगतो, जरा वाईटच वाटलं. परत आल्यावर टेबलावर दहा दिवसांत घेतलेल्या निर्णयांची यादी होती. त्यातले दोन मी वेगळे घेतले असते. यादीखाली टोनरचं बिल होतं, १,८५० रुपयांचं, आणि त्यावर आमच्या ऑफिस सांभाळणाऱ्या मावशींची ठसठशीत सही.