इंडियाना ड्यून्सला निघण्याआधी

इंडियाना ड्यून्स म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराकाठी असलेलं वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान. तिथे निघताना सगळ्यात आधी बूट. पुळणीवर जायचं म्हटलं की आपला हात आपसूक चपलांकडे जातो, पण जुलैतल्या दुपारी मिशिगन सरोवराकाठची वाळू सडकून तापते. वेस्ट बीचच्या वाटेवर तर अडीचशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत. बंद बूट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे मोजे घाला. मागच्या ओकच्या रानात गोचीड असतात, आणि वाटेच्या कडेला पॉइझन आयव्ही असते. पळसासारखी तीन-तीन पानं दिसली की मुलांचे हात आवरा. सोबत आई-बाबा असतील तर त्यांच्यासाठी काठी आणि टोपी घ्या. पायऱ्या चढवत नसतील तर त्यांना खाली पाण्याजवळ बसू द्या, तिथेही बघण्यासारखं खूप आहे.

पाणी नेहमीपेक्षा दुप्पट घ्या, कारण उघड्या वाळूवर सावली नाही. खायला दशम्या किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या उत्तम. रस्साभाजी नको, वाऱ्याबरोबर वाळू डब्यात शिरते. लोणच्याची काचेची बरणी मात्र घरीच ठेवा. तिथल्या किनाऱ्यांवर काचेला बंदी आहे, आणि त्या बंदीपलीकडे काच आणि ही वाळू यांचं एक जुनं दुखणंही आहे. मिशिगन सिटीला हूझियर स्लाइड नावाची सुमारे २०० फूट उंच टेकडी होती. तिची वाळू रेल्वेच्या वाघिणी भरभरून काचकारखान्यांत गेली आणि मन्सीच्या बॉल बंधूंच्या प्रसिद्ध बरण्या तिच्यातून घडल्या. १९२० च्या सुमारास टेकडी सपाट झाली. आज त्या जागी वीजकेंद्र उभं आहे. मुलांना त्याचा शीतक मनोरा दाखवा आणि तिथे काय होतं ते सांगा.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण हे उद्यान सलग नाही. जवळपास १५ मैलांच्या किनाऱ्यावर ते तुकड्या-तुकड्यांत पसरलंय, मधे पोलादाचे कारखाने आणि बंदर. इथे राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून १९१६ मध्ये, पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक झालेल्या स्टीफन मॅथर यांनी शिकागोत सुनावणी घेतली होती. पुढच्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तो विषय मागे पडला. १९२५ मध्ये राज्य उद्यान तेवढं झालं. १९५२ मध्ये डोरोथी ब्यूल यांनी बायकांना जमवून टेकड्या वाचवण्यासाठी ‘सेव्ह द ड्यून्स’ ही चळवळ सुरू केली. त्यांची बाजू संसदेत लावून धरली ती शेजारच्या इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस यांनी. अखेर बंदर तर मंजूर झालंच, पण १९६६ मध्ये संरक्षित किनाराही मंजूर झाला, आणि राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळायला २०१९ उजाडलं. मधली कारखान्यांची धुराडी बघून मन खट्टू होतं खरं, पण त्या बायका नसत्या तर उरलेलंही वाचलं नसतं.

राज्य उद्यान आत असलं तरी त्याचं तिकीट वेगळं. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही. शिकागोहून येत असाल तर घड्याळ बदलू नका, इंडियानाच्या या कोपऱ्यात शिकागोचीच वेळ चालते. गाडी नसेल तर साउथ शोअरची लोकल ड्यून पार्क स्टेशनला सोडते.

माउंट बाल्डी ही वाळूची टेकडी १२६ फुटांची, आणि ती चालते! वारा तिला दरवर्षी काही फूट आत ढकलतो, वाटेत येणारी झाडं ती गिळत जाते. गाडलेली झाडं आत कुजतात आणि वाळूत पोकळी राहते. २०१३ मध्ये अशाच एका भोकात सहा वर्षांचा मुलगा गडप झाला. ११ फूट वाळूखालून त्याला तीन तासांहून अधिक वेळाने जिवंत काढलं. म्हणून माथ्यावर फक्त रेंजरबरोबरच जाता येतं. त्यांच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा. मुलांना घसरायचंच असेल तर राज्य उद्यानात डेव्हिल्स स्लाइड आहे.

बाकी कुठेही उतारावर वाट सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. कोकणात मर्यादवेल वाळू धरून ठेवते, तेच काम इथे मॅरम गवत करतं. वाळूने गाडलं की ते आणखी जोमाने वर येतं, पण पायाखाली तुडवलं की त्याच्या जमिनीखालच्या खोडांचं जाळं तुटतं आणि तिथून वाऱ्याला वाट मिळते. मागच्या वर्षी माझे बाबा एका जुडग्यापाशी कितीतरी वेळ उकिडवे बसले होते. वाकलेल्या पात्याचं टोक वाऱ्याबरोबर फिरत होतं आणि वाळूत कंपासने काढावं तसं वर्तुळ उमटत होतं. दुर्बीण नसली तरी चालेल, पण असं बसायला वेळ ठेवा. पांढुरक्या पानांचं काटेरी पिचर्स थिसल दिसलं तर लांबूनच बघा. ते पाच-आठ वर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि मरतं.

किनाऱ्यापासून आत चालताना मुलांना झाडं मोजायला लावा: आधी गवत, मग कॉटनवुड, पुढे पाइन, मग ओक. जितकं आत, तितकी वाळू जुनी. हेन्री काउल्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इथेच अभ्यास केला आणि १८९९ मध्ये झाडांचा हा क्रम मांडला. परिसंस्थेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या कामांत या कामाची गणना होते.

पोहायचे कपडे घ्या, पण खारं नाही म्हणून पाण्याला गरीब समजू नका. जूनमध्येही ते गार असतं आणि आत ओढणारे प्रवाह असतात. हिवाळ्यात गेलात तर काठावरच्या बर्फावर पाऊल टाकू नका, तो खाली पोकळ असतो.

गाडीत एक जुनी चादर आणि ब्रश ठेवा. वाटेवर शिरण्याआधी बुटांचे तळवे घासा, म्हणजे आपल्या अंगणातल्या तणाचं बी तिकडे जाणार नाही. निघताना खिसे, मोजे, मुलांच्या बादल्या तिथेच उलट्या करा.