‘डे ऑफ द टेंटकल रीमास्टर्ड’ वॉकथ्रू (तयार उत्तरांची मार्गदर्शिका) न उघडता कसा खेळावा

लुकासआर्ट्सचा १९९३ मधला ‘डे ऑफ द टेंटकल’ हा कोडी सोडवत पुढे जाण्याचा व्हिडिओ गेम १९८७ च्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’चा पुढचा भाग असून २०१६ मध्ये डबल फाइन या कंपनीने त्याची रीमास्टर्ड, म्हणजे नव्याने सजवलेली, आवृत्ती आणली. पहिला भाग खेळलेला नसला तरी काही अडत नाही. विषारी सांडपाणी पिऊन जग जिंकायला निघालेल्या जांभळ्या टेंटकलला (सोंडेसारख्या जिवंत प्राण्याला) आदल्या दिवशीच रोखण्यासाठी डॉ. फ्रेड हा शास्त्रज्ञ तिघा मित्रांना कालयंत्रातून पाठवतो. यंत्रातला हिरा नकली निघाल्याने होगी दोनशे वर्षे मागे, लॅव्हर्न दोनशे वर्षे पुढे जाऊन पडते आणि बर्नार्ड वर्तमानातच राहतो, एवढे कथानक पुरेसे आहे.

सुरुवातीला सेटिंग्ज पाहून घ्यावीत. चित्रे, आवाज आणि इंटरफेस जुने की नवे हे स्वतंत्रपणे ठरवता येते. जुन्या इंटरफेसमध्ये पडद्याखाली नऊ क्रियापदे कायम दिसतात, तर नव्यात वस्तूवर क्लिक केल्यावर तिच्याभोवती पर्यायांचे चक्र उघडते. माझ्या मते चित्रे नवी ठेवावीत, अधूनमधून जुन्या चित्रांवर जाऊन तुलनेची मौज घ्यावी, पण चक्र सोडू नये. सबटायटल्स मात्र चालूच ठेवावीत, कारण निम्मे धागेदोरे विनोदांत दडलेले आहेत.

तिघांपैकी कोणाचीही वस्तू दुसऱ्याच्या छोट्या चित्रावर ओढून टाकली की ती शौचकूपाच्या आकाराच्या कालयंत्रातून त्याच्या काळात पोहोचते. सजीव प्राणी असे पाठवता येत नाहीत; त्यांना दोनशे वर्षे टिकवण्याची काही तरी सोय लावावी लागते आणि ती सोय डॉ. फ्रेडच्या घरातच आहे; तिन्ही काळांतला खेळ याच घरात चालतो. म्हणून एखादी वस्तू हाती आली की ‘हिचा इथे काय उपयोग?’ एवढेच न विचारता ‘ही कोणाच्या शतकात कामाला येईल आणि मधल्या काळात हिचे काय होईल?’ असे विचारावे. होगीच्या काळात टाइम कॅप्सूलमध्ये (भविष्यातल्या लोकांसाठी जपून ठेवायच्या पेटीत) ठेवलेली वाइन लॅव्हर्नच्या हाती येईपर्यंत व्हिनेगर झालेली असते, आणि बॅटरीसाठी होगीला नेमके तेच हवे असते.

मराठी खेळाडूची खरी अडचण इथे तर्काची नसून अमेरिकी दंतकथांची असते. होगीच्या काळात जॉर्ज वॉशिंग्टन, जेफरसन, बेंजामिन फ्रँकलिन ही मंडळी त्याच घरात राहत असतात. वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचे झाड तोडले ही तिकडची लाडकी आख्यायिका माहीत नसेल, तर लॅव्हर्न लटकून बसलेल्या कमक्वाटच्या (छोट्या संत्र्यासारख्या फळाच्या) झाडापासून तिची सुटका होणे अवघड आहे. कमक्वाटच्या फळांना लाल रंग फासावा, वॉशिंग्टनशी बोलताना चेरीच्या झाडांचा विषय काढावा, बाकीचे तो कुऱ्हाडीने उरकतो. झाड भूतकाळात पडल्यामुळे भविष्यात उरतच नाही. फ्रँकलिनचा पतंग आणि वीज, तसेच बेट्सी रॉसने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची आख्यायिका या दोन गोष्टीही आधी वाचून ठेवाव्यात, म्हणजे पुढची दोन मोठी कोडी आपोआप ओळखीची वाटू लागतील.

अडकल्यास घाबरण्याचे कारण नाही, कारण या खेळात पात्र मरत नाही आणि चुकीच्या कृतीमुळे मार्ग कायमचा बंद होत नाही. पडद्यावरच्या हाताळण्याजोग्या वस्तू दाखवणारी कळ नियंत्रणांच्या यादीत शोधून ठेवावी, पण खोली स्वतः न्याहाळून झाल्यावरच ती दाबावी. तरीही सुचले नाही, तर पात्र बदलावे. बहुतेक वेळा अडचण एका शतकात आणि तोडगा दुसऱ्यात असतो.

निर्मात्यांचे भाष्य पहिल्या फेरीत बंद ठेवणे बरे, कारण ते ऐकताना संवादांकडे दुर्लक्ष होते. डॉ. फ्रेडचा मुलगा एड याच्या खोलीतला संगणक मात्र अवश्य चालू करावा, कारण त्यावर संपूर्ण ‘मॅनिअॅक मॅन्शन’ खेळता येतो. तिथे पात्रे मरू शकतात, तेव्हा त्या खेळात वारंवार सेव्ह करत राहावे.