अमेरिकेत मेडिकलला जायचंय? कॉलेजात असताना अनुभव कसा जमवायचा

कॉलेजची वर्षं चार असली तरी अर्जासाठी हाताशी असतात तीनच. मधे खंड न घेता पदवीनंतर लगेच मेडिकल स्कूलला जायचं असेल, तर ॲमकॅसचा, म्हणजे बहुतेक एमडी मेडिकल स्कूल्सच्या सामाईक अर्जसेवेचा, अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात उघडतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो. चौथ्या वर्षाचं काम त्यात पुढे होणारे तास म्हणूनच दाखवता येतं. त्यामुळे पहिल्या सत्राचे ग्रेड हातात आले, की जानेवारीतच पहिलं काम शोधायला लागा. पहिलं सत्र मात्र अभ्यासाची घडी बसवायला ठेवा. केमिस्ट्रीत घसरलेला जीपीए व्हॉलंटियरिंगच्या तासांनी भरून निघत नाही.

अर्जात कामांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० कॅरेक्टर, मोकळ्या जागा धरून. त्यांतल्या तीन नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायच्या, त्यांना आणखी १३२५ कॅरेक्टर मिळतात. सगळ्या १५ जागा भरायचा अट्टहास नको. वर्षातून एकदा झालेलं रक्तदान शिबिर, मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांचा नावापुरता प्री-मेड क्लब, निधी जमवायला काढलेली दोन तासांची वॉक अशा नोंदी वाचणाऱ्याला थकवतात. दोन वर्षं टिकवलेलं एक काम सहा क्लबांच्या सदस्यत्वाला भारी पडतं. घाबरलेल्या, चिडलेल्या, दुखणाऱ्या माणसाजवळ तुम्ही टिकता का आणि ते पाहूनही तुम्हाला डॉक्टर व्हायचंय का, हे प्रवेश समितीला कळायला हवं असतं.

पेशंटजवळची पाळी

सुरुवात हॉस्पिटलच्या व्हॉलंटियर विभागापासून करा. आठवड्याला चार तासांची एक ठरलेली पाळी घेतली आणि वर्षाचे ४० आठवडे धरले, तर वर्षाला १६० तास होतात, दोन वर्षांत ३२०. एवढ्याने अभ्यास मोडत नाही. अर्ज केल्यापासून पहिल्या पाळीपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात, कारण पार्श्वभूमी तपासणी, ओरिएंटेशन आणि लसींची कागदपत्रं पूर्ण व्हावी लागतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि बहुतेक ठिकाणी हिपॅटायटिस बी यांची नोंद किंवा टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी चाचणी) मागतात. जुनं लसीकरण कार्ड पुण्याच्या कपाटात राहिलं असेल, तर आजी-आजोबांकडून त्याचा फोटो आजच मागवून घ्या.

भारतात जन्मलेल्यांची गाडी हमखास टीबी चाचणीपाशी अडते. लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असेल, तर त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टरांची भेट, आणि तोवर सत्र अर्धं सरलेलं. आधीच सांगून रक्ताची चाचणी, म्हणजे आयजीआरए, करून घ्या. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

वॉर्डातलं काम साधं असतं, पण ते नीट करावं लागतं. पेशंट म्हणतो, ‘घोटभर पाणी द्या.’ द्यायच्या आधी नर्सला विचारायचंच. दारावर एनपीओची (तोंडाने काहीही न देण्याची) पाटी असेल, तर काहीच द्यायचं नाही. तपासणी किंवा ऑपरेशन त्या घोटावर रद्द होऊ शकतं. घरी सोडलेल्या पेशंटला व्हीलचेअरवरून खाली नेताना, तो उठण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. पट्ट्या खाली राहिल्या तर त्यांच्यावर पाय देऊन पेशंट उभा राहायला जातो आणि खुर्ची पुढे कलंडते. अशा पाळ्या करता करताच मुलाखतीत सांगण्यासारखं काही हाती लागतं. भेटवस्तूंच्या दुकानात किंवा पार्किंगच्या टेबलावर पाळी मिळाली, तर ती क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळची, धरली जात नाही. दोन-तीन महिने नियमित येऊन मग वॉर्ड मागून घ्या.

हॉस्पिसचा, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटच्या सेवेचा, पर्याय फार कमी जण बघतात, आणि ही खरंच खंत वाटावी अशी गोष्ट आहे. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानुसार हॉस्पिसला पेशंटच्या सेवेच्या एकूण तासांपैकी किमान ५ टक्क्यांइतकं काम व्हॉलंटियरकडून करून घ्यावं लागतं. म्हणजे तिथे माणसं कायम हवी असतात. प्रशिक्षण देतात, आणि मग एकाच पेशंटकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं असतं. हे मनाला जड जातं. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर थांबा. हॉस्पिसवालेही तसंच सुचवतात.

पगारी काम हवं असेल, तर सीएनएच्या (नर्सच्या हाताखाली पेशंटची देखभाल करणारा सहाय्यक) प्रशिक्षणाची केंद्रीय किमान मर्यादा ७५ तास आहे, काही राज्यांत त्याहून बरीच जास्त. ईएमटीचा (ॲम्ब्युलन्सवर तातडीची मदत देणारा) कोर्स साधारण एका सत्राचा किंवा एका उन्हाळ्याचा. स्क्राइबला, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीची नोंद टाइप करणाऱ्याला, सहसा आधी सर्टिफिकेट लागत नाही, टायपिंगचा वेग आणि कानांची तयारी लागते. डॉक्टर कसा विचार करतो हे सगळ्यांत जवळून स्क्राइबलाच दिसतं. सीएनएला पेशंटचं शरीर, त्याची लाज, त्याचा राग दिसतो. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर सीएनए करावं.

व्हिसा आधी तपासा. एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्या आई-वडिलांच्या आधाराने मिळालेल्या व्हिसावर) असलेल्या मुलामुलींना पगारी काम करता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. जी जागा मुळात सगळ्यांसाठीच बिनपगारी असते, तिथे व्हॉलंटियर होता येतं. शंका असेल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारून ठेवा. ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल स्कूल्स मोजकीच आहेत. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या ऑनलाइन माहितीसूचीत प्रत्येक स्कूलचा नियम दिलेला असतो, तो पहिल्याच वर्षी बघावा.

शॅडोइंग

शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम नुसतं पाहणं. ४०-५० तास पुरे, दोन-तीन वेगवेगळ्या शाखांत, त्यांतला एक तरी फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर हवा. महाराष्ट्र मंडळात ओळखीचे डॉक्टर असतातच, त्यांना जरूर विचारा, पण सगळे तास वडिलांच्या मित्रांकडे काढू नका. अनोळखी डॉक्टरांना लिहायची ईमेल पाच-सहा ओळींची असावी: कोण आहात, कुठल्या वर्षाला आहात, अर्ध्या दिवसाचं एक शॅडोइंग हवंय, कोणते वार मोकळे आहेत, लसींची आणि एचआयपीएए (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) प्रशिक्षणाची कागदपत्रं तयार आहेत. ‘कधीही चालेल’ असं लिहिलं तर उत्तर लांबतं. दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. मोठ्या हॉस्पिटलांत शॅडोइंगला वेगळी परवानगी लागते, छोट्या क्लिनिकात काम लवकर होतं.

उन्हाळ्यात सांगलीला मामाच्या हॉस्पिटलात जाणार असाल, तर बघा, विचारा, टिपणं काढा. हात लावू नका. तिथे कुणी प्रेमाने ‘घे, टाका घालून बघ’ म्हणेल. अमेरिकेत जे करायची तुम्हाला परवानगी नाही, ते परदेशातही करू नये अशी एएएमसीची भूमिका आहे. टाके घातले, इंजेक्शन दिलं असं अर्जात लिहिणाऱ्याच्या विवेकावर समिती बोट ठेवते. दुभाषेपणाचंही तसंच. वॉर्डात मराठी आजी दिसल्या की मधे पडावंसं वाटतं. गप्पा मारा, पण औषधं, निदान, संमतीपत्र यांचं भाषांतर प्रशिक्षित दुभाष्यालाच करू द्या. एक चुकलेला शब्द त्यांच्या डोसवर जाऊ शकतो.

रिसर्च आणि हॉस्पिटलबाहेरचं काम

रिसर्च सगळीकडे सक्तीचा नाही. एमडी-पीएचडीच्या जोड पदवीसाठी मात्र त्याच्याशिवाय अर्जच करू नये. प्राध्यापकाला लिहिण्याआधी त्यांचा अलीकडचा एक पेपर वाचा आणि त्यातला एक खरा प्रश्न ईमेलमध्ये घाला. आठवड्याला ८-१० तास आणि किमान दोन सत्रं देता येतील तरच जा. पहिले काही महिने पिपेट टिप्स भरण्यात आणि बफर बनवण्यात जातात. तेव्हा कंटाळून सोडणारेच जास्त.

हॉस्पिटलबाहेरच्या सेवेकडे दुर्लक्ष करू नका. अन्नछत्र, बेघरांचा निवारा, शिकवणी, संकटातल्या माणसांशी मेसेजवर बोलणारी क्रायसिस टेक्स्ट लाईन यांतलं एक धरा. क्रायसिस टेक्स्ट लाईनला आधी प्रशिक्षण असतं आणि २०० तासांची बांधिलकी मागतात. रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असाल तर ती अध्यापनाची नोंद होते आणि ती अभिमानाने लिहावी. तरीही आपल्यासारख्या नसलेल्या लोकांमध्ये केलेलं एक तरी काम यादीत असू द्या.

वही पहिल्या दिवसापासून

एका शीटमध्ये तारीख, तास, ठिकाण, वरिष्ठांचं नाव आणि ईमेल, आणि त्या दिवशी दिसलेली एक गोष्ट, एवढे रकाने ठेवा. पेशंटचं नाव, खोली क्रमांक, ओळख पटेल असा तपशील कधीही लिहू नका. ही टिपणं नसली की अर्जात अशी नोंद होते: ‘रुग्णांना मदत केली आणि सहानुभूती शिकलो.’ टिपणं असली तर ती अशी होते: ‘ऑर्थोपेडिक वॉर्डात जेवणाचे ट्रे पोचवले, ज्यांना चमचा धरता येत नव्हता त्यांची यादी रोज नर्सला दिली. डबे उघडता येत नाहीत म्हणून काही जण जेवण तसंच परत पाठवतात, हे तिथे लक्षात आलं.’ ७०० कॅरेक्टरमध्ये असा तपशील मावतो, विशेषणांना जागा उरत नाही.

संपर्काची व्यक्ती प्रत्येक नोंदीला द्यावी लागते. व्हॉलंटियर कोऑर्डिनेटर नोकरी बदलतात, म्हणून पाळी संपवताना तासांचं पत्र मागून घ्या. अर्ज एकदा पाठवला की नोंदी बदलता येत नाहीत. तास फुगवले असतील आणि समितीने फोन केला, तर सगळा अर्जच संशयात जातो. आकडा नक्की माहीत नसेल तर कमीकडचा लिहा. आणि तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत शीटची बेरीज करून बघा: क्लिनिकल तास शंभराच्याही खाली असतील, तर मेमध्ये घाई करण्यापेक्षा एक वर्ष थांबून पूर्णवेळ काम करा. निम्म्याहून अधिक विद्यार्थी आता कॉलेजनंतर असं वर्षभर थांबूनच मेडिकलला जातात, हे आई-वडिलांनाही आधीच सांगून ठेवा.