रस्ता एक दिवस वाहनांविना ठेवायचा असेल तर

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग काही तासांसाठी वाहनांना बंद ठेवला जातो. एरवी ज्या रस्त्यावर पदपथ सोडून खाली उतरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि उतरले की पाठीमागे हॉर्न वाजतो, त्याच रस्त्याच्या मधोमध उभे राहून दुकानांच्या पाट्या वाचता येतात. असा दिवस आपल्याही प्रभागात व्हावा असे अनेक मोहल्ला समित्यांना, गणेश मंडळांना आणि सायकलस्वारांच्या गटांना वाटते. मात्र त्यांची पहिली बैठक बहुधा व्यासपीठ, ढोलताशा आणि प्रमुख पाहुणे यांतच संपते. वास्तविक पहिली बैठक त्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या बोळांविषयी व्हायला हवी, कारण हा दिवस फसतो तो तिथेच.

रस्ता आणि वेळ

पहिल्या खेपेला अर्धा ते पाऊण किलोमीटरचा पट्टा पुरेसा आहे. तो ठरवण्यापूर्वी दोघातिघांनी वही घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जावे आणि रस्त्यावर उघडणारी प्रत्येक वाट लिहून काढावी. त्यात गल्ल्या आणि बोळ तर येतातच, शिवाय वाड्यांचे दरवाजे, सोसायट्यांची फाटके, बँकेचे तळघरातील वाहनतळ, दवाखाने आणि मंगल कार्यालयेही येतात. पेठांमधल्या रस्त्याला मोठे चौक दोन-तीनच असले तरी अशा वाटा वीस-पंचवीस भरणे मुळीच अवघड नाही. बॅरिकेड चौकात लागतात आणि दुचाकी बोळातून येते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून जितक्या वाटा तितकी माणसे हाताशी आहेत का, हे पाहूनच पट्ट्याची लांबी ठरवावी. माणसे कमी पडत असतील तर पट्टा आखूड करावा.

पर्यायी रस्ता नसेल तर तो पट्टा सोडून द्यावा. लक्ष्मी रस्त्याच्या एका बाजूला कुमठेकर रस्ता आणि दुसऱ्या बाजूला केळकर रस्ता असल्यामुळे वाहतूक वळवण्याचा विचार तरी करता येतो. शिवाय दरवर्षी विसर्जन मिरवणुकीसाठी हा रस्ता बंद होतो, त्यामुळे पोलिसांना तेथील वळणे नवी नाहीत. परंतु मिरवणुकीच्या दिवशी खरेदीसाठी तिकडे जाण्याचा विचारही कोणी करत नाही. पादचारी दिनी मात्र दुकाने उघडी असतात, आणि ती उघडी असावीत, हाच तर उपक्रमाचा गाभा आहे.

वेळ कोणती ठेवावी, हे हेतूवर अवलंबून आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी ८ ते १० या वेळेत काही रस्ते नागरिकांसाठी मोकळे ठेवण्यास सुरुवात केली. मुलांच्या सायकली, स्केटिंग आणि व्यायाम यांसाठी ती वेळ उत्तम असते आणि दुकानदारांची तक्रारही येत नाही. मात्र बाजारपेठेच्या रस्त्यावर सकाळी आठला वाहने बंद करून काहीच सिद्ध होत नाही, कारण तेव्हा तेथे वाहने नसतातच. गाड्या बंद झाल्या तर गिऱ्हाईक येईल की नाही, या दुकानदारांच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर भर बाजाराच्या वेळीच मिळते. ११ डिसेंबर ही तारीख ठरलेली असल्याने वार दरवर्षी बदलतो. २०२२ मध्ये तो रविवार होता, २०२४ मध्ये बुधवार. कामाच्या वारी रस्ता बंद ठेवणे त्रासाचे असले तरी मला ती परीक्षा अधिक प्रामाणिक वाटते. लग्नसराईचे ऐन दिवस, दिवाळीचा आधीचा आठवडा आणि बोर्डाच्या परीक्षा मात्र टाळाव्यात.

परवानग्या

रस्ता बंद करण्याचा अधिकार आयोजकांना नसतो, नगरसेवकालाही नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. बंदी एक महिन्यापेक्षा अधिक काळ चालणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नसते, परंतु स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा आदेश सामान्यतः वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडून निघतो आणि त्यात अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांसारख्या अत्यावश्यक सेवांची वाहने वगळलेली असतात. अर्ज किमान सहा आठवडे आधी द्यावा. त्यासोबत हाताने काढलेला का होईना, पण बॅरिकेडच्या जागा, पर्यायी मार्ग आणि वाहनतळ दाखवणारा नकाशा जोडावा, कारण नकाशा नसलेला अर्ज टेबलावरच पडून राहतो. अर्जाच्या प्रती महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, पथ विभाग, स्थानिक पोलीस ठाणे, अग्निशमन दल आणि बससेवा यांना देऊन प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. बसचा मार्ग बदलणार असेल तर तात्पुरता थांबा कुठे असेल, हे त्यांच्याकडून लेखी मिळवावे. पायी चालणाऱ्यांसाठीच्या दिवशी बसने येणाऱ्यालाच अर्धा किलोमीटर वणवण करावी लागणे बरे नव्हे.

ध्वनिक्षेपकाला स्वतंत्र परवानगी लागते आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. माझे मत विचाराल तर ध्वनिक्षेपक नकोच. वाहने गेल्यावर रस्ता किती शांत होतो, हे लोकांना एकदा तरी ऐकू द्यावे.

रहिवासी, दुकानदार आणि पथारीवाले

विरोध होतो तो बहुतेक वेळा कोणी आधी विचारले नाही म्हणून. दुकानदारांच्या संघटनेचे पत्र मिळाले म्हणजे प्रत्येक दुकानदाराची संमती मिळाली, असे समजू नये. दुकानोदुकानी जाऊन माल कधी उतरतो, हे विचारावे. बहुतेकांचा टेम्पो सकाळी दहाच्या आत येत असेल तर बंदी अकराला सुरू करावी, आणि ज्यांना दुपारी माल लागतो त्यांच्यासाठी बंदीच्या हद्दीबाहेर टेम्पोला एक जागा देऊन तेथून हातगाडीची सोय करावी. रहिवाशांसाठी घरोघरी एक छापील पान द्यावे. त्यात बंदीची वेळ, गाडी कुठे लावावी, आजारी किंवा वृद्ध माणसाला ने-आण करण्यासाठी कोणत्या क्रमांकावर फोन करावा, एवढेच असावे. जिन्याजवळही एक पान चिकटवावे, कारण पाटी लागल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी न मानण्याची पेठांची रीत आहे.

रस्त्यावर रोज बसणारे पथारीवाले हे अडथळा नव्हेत. त्यांना त्या दिवशी उठवून त्यांच्या जागी प्रायोजकांचे मांडव घातले, तर रस्ता माणसांना दिला असे म्हणता येणार नाही.

आदल्या रात्रीपासून

सर्वात चिवट अडचण उभ्या गाड्यांची असते. पुण्यात अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांनुसार एकेका बाजूला गाड्या लागतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला आणि बंद रस्त्यात, अशी दुहेरी अडकते. दोन दिवस आधी खांबांवर सूचना लावाव्यात, आदल्या रात्री दहाच्या सुमारास उभ्या गाड्यांचे क्रमांक लिहून घेऊन मालकांना शोधावे आणि उरलेल्या गाड्यांची यादी सकाळी वाहतूक पोलिसांना द्यावी. गाडी ओढून नेणे हा शेवटचा उपाय असावा.

बॅरिकेड लावताना आधी वाहने आत शिरण्याचे टोक बंद करावे, मग बोळ, आणि आतली वाहने बाहेर पडल्यावरच दुसरे टोक. प्रत्येक तोंडाशी दोन स्वयंसेवक हवेत, कारण एकजण वाद घालणाऱ्याशी बोलत असताना त्याच्या पाठीमागून स्कूटर आत जाते. दोन तासांनी पाळी बदलावी. त्यांनी रस्ता का बंद आहे हे समजावत बसू नये, “कुठे जायचंय काका?” असे विचारून वाट सांगावी, म्हणजे निम्मे वाद तिथेच मिटतात. बंद पट्ट्याला छेदून जाणारा मोठा रस्ता असेल तर तो पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नये. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७४ पासून रविवारी रस्ते मोकळे ठेवण्याची प्रथा आहे आणि आज तेथे १२० किलोमीटरांहून अधिक रस्ते सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना मिळतात. ते शक्य होते कारण छेदरस्त्यांवर माणसे उभी असतात आणि आळीपाळीने गाड्या व सायकली सोडतात.

सायकली आणि पायी चालणारे यांना एकच रस्ता दिला की भांडण त्यांच्यातच लागते. रुंद रस्त्यावर चुन्याच्या फक्कीने सायकलींची पट्टी आखावी. अरुंद आणि गर्दीच्या रस्त्यावर पहिला तास सायकलींना द्यावा आणि नंतर सायकल हातात धरून चालण्याचा नियम करावा; वेगाच्या मंडळींना हे आवडत नाही, पण आजीचे बोट धरून चालणाऱ्या मुलाला आवडते. बाके, रांगोळी, बुद्धिबळाचे पट, जे काही मांडायचे ते एकाच बाजूला मांडावे आणि अग्निशमन बंब सरळ जाईल अशी किमान चार मीटरची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत रिकामी ठेवावी. पाणी, सावली आणि स्वच्छतागृहाची दिशा दाखवणारे फलक हवेत. स्त्रिया आणि वृद्ध किती वेळ थांबतील, हे यांवरच ठरते. कचरावेचकांना त्या दिवसाच्या कामाचा मोबदला आधीच ठरवून द्यावा.

मोजणी केल्याशिवाय पुढची परवानगी मागू नये. ठरावीक जागी उभे राहून दर तासाला पंधरा मिनिटे जाणाऱ्या माणसांची नोंद करावी; मुले, वृद्ध आणि चाकाची खुर्ची वापरणारे वेगळे मोजावेत. तशीच मोजणी आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेत केलेली असावी. दुकानदारांकडून विक्रीची रक्कम कोणी सांगणार नाही, परंतु बिलांची संख्या अनेकजण सांगतात आणि तुलनेला ती पुरते. ज्यांचे बिल कमी झाले त्यांचीही नावे नोंदवावीत. औषधांचे दुकान आणि अवजड वस्तूंचे दुकान यांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. हे दोन पानांत लिहून आठवड्याच्या आत वाहतूक शाखेला आणि क्षेत्रीय कार्यालयाला द्यावे, आणि त्याच पत्रात पुढची तारीख मागावी. ती वर्षानंतरची नसावी, पुढच्याच महिन्यातली असावी.