वहीतले दोन रकाने

ईश्वरविज्ञानाच्या पहिल्याच सत्रात मी वहीच्या पानावर मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडे मथळा 'देव ठरवतो', उजवीकडे 'माणूस निवडतो'. बेत असा, की बायबल वाचत जायचं, प्रत्येक वचन योग्य रकान्यात टाकायचं आणि शेवटी मोजायचं. ज्या बाजूला वचनं जास्त, ती बाजू खरी. आज याचं हसू येतं. पण देवाचं पूर्वज्ञान (पुढचं आधीच जाणणं) आणि सार्वभौमत्व (सगळ्यावर त्याची सत्ता असणं) हा विषय नव्याने हाती घेणारे बरेच जण मनातल्या मनात हेच करत असतात. त्यांची वही दिसत नाही इतकंच.

सुरुवातीला रकाने भराभर भरले. डावीकडे यशया ४६:१०, आरंभापासूनच शेवट सांगणारा देव. नीतिसूत्रे १६:३३, चिठ्ठ्या माणूस टाकतो पण निकाल परमेश्वराचा. स्तोत्र १३९, जिभेवर यायच्या आधीच शब्द जाणणारा. उजवीकडे अनुवाद ३०:१९, 'जीवन निवडून घे', आणि यहोशवा २४:१५, कोणाची सेवा करणार ते आजच ठरवा.

मग प्रेषितांची कृत्ये २:२३ आलं. पेत्र यरुशलेमेत लोकांपुढे उभा राहून येशूच्या मरणाविषयी बोलतो आहे. देवाचा ठाम संकल्प, त्याचं पूर्वज्ञान आणि 'तुम्ही त्याला मारलंत' हा आरोप, तिन्ही एकाच वाक्यात. मी ते डावीकडे लिहिलं, खोडलं, उजवीकडे लिहिलं, तेही खोडलं आणि शेवटी रेघेवरच लिहून टाकलं. उत्पत्ती ५०:२० मध्ये योसेफ त्याला विकून टाकणाऱ्या भावांना सांगतो, की तुम्ही वाईट योजलंत आणि देवाने त्याच गोष्टीत भलं योजलं. तेही रेघेवर. आणि मिसरचा राजा फारो, त्याचं काय करायचं? निर्गम ८:१५ मध्ये तो स्वतःचं मन कठीण करतो, ९:१२ मध्ये परमेश्वर ते कठीण करतो. सत्र संपेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली होती.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते, की वचनांच्या याद्या करू नका, अध्याय वाचा. यादीत बसवलेलं वचन आपल्याला हवं तेच बोलतं. अध्यायात मात्र त्याला शेजारी असतात.

दुसरा धडा निबंधातून मिळाला. मी लिहिलं होतं, 'देवाला सर्व आधीच माहीत असल्यामुळे सर्व त्याच्या इच्छेनेच घडते.' शिक्षकांनी 'माहीत असल्यामुळे' या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि समासात तीन शब्द लिहिले: 'जाणणे की ठरवणे?' बाकी सहा पानांवर एकही खूण नव्हती. आधी वाटलं, त्यांनी पुढचं वाचलंच नाही. नंतर कळलं, की वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण माझा सगळा निबंध त्या एका घसरणीवर उभा होता.

पूर्वज्ञान म्हणजे देव काय जाणतो. सार्वभौमत्व म्हणजे तो काय चालवतो, काय ठरवतो, काय घडू देतो. दोन्हींचा संबंध आहे, पण एकातून दुसरं आपोआप निघत नाही. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने (३५४–४३०) हे स्मरणाच्या दाखल्याने सांगितलं. काल घडलेलं तुम्हाला आठवतं म्हणून ते घडलं असं नाही, तसंच देव पुढचं जाणतो म्हणून तो ते बळजबरीने घडवतो असंही नाही. त्याच्या आधीच्या सिसेरो या रोमन विचारवंताने माणसाचं स्वातंत्र्य राखण्यासाठी पूर्वज्ञानच नाकारलं होतं. ऑगस्टीनला तो सौदा मान्य नव्हता.

इथे मराठीत विचार करणाऱ्याने थोडं जास्त सांभाळायला हवं. आपल्या जिभेवर 'विधिलिखित', 'प्रारब्ध', 'नशिबात होतं' हे शब्द तयार असतात, आणि पूर्वनियोजन म्हटलं की ते न बोलावता आत येतात. विधिलिखितात लिहिणारा दिसत नाही, ते फक्त लिहिलेलं असतं. ख्रिस्ती विश्वासातला दावा वेगळा आहे. तिथे ठरवणारा बोलतो, ऐकतो, रागावतो, क्षमा करतो. हा फरक विसरलात तर पुढच्या सगळ्या वादात तुम्ही भलत्याच देवाविषयी बोलत राहाल.

आता थोडं तर्कशास्त्र. कंटाळा आला तरी हे ओलांडून जाऊ नका. 'देवाला जे ठाऊक आहे ते घडणारच' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, ठाऊक असणं आणि न घडणं ही जोडी संभवत नाही. दोन, त्या गोष्टीला घडण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. पहिला अर्थ कुठल्याही ज्ञानाला लागू आहे. बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने हे तुरुंगात, मरणाची शिक्षा डोक्यावर असताना, सुमारे ५२४ साली लिहिलेल्या ग्रंथात बसलेल्या माणसाच्या उदाहरणाने दाखवलं. तो बसला आहे हे मला खरोखर माहीत असेल तर तो बसलेला असलाच पाहिजे, पण माझ्या माहितीने त्याला खुर्चीला खिळलेलं नाही. नवखे लोक पहिल्या अर्थाने सुरुवात करून दुसऱ्यावर उतरतात आणि मधली पायरी चुकली हे त्यांना कळतही नाही. मीही त्यातलीच.

पण एवढ्याने प्रश्न मिटला असं समजू नका. १९६५ मध्ये नेल्सन पाइक या तत्त्वज्ञाने तो पुन्हा धारदार केला. समजा एक माणूस शनिवारी हिरवळ कापणार आहे आणि देव हे त्याच्या जन्माआधीपासून मानतो. देव चुकत नाही आणि भूतकाळ बदलत नाही. मग शनिवारी हिरवळ न कापणं त्या माणसाच्या हातात कसं? न कापायचं तर एकतर देवाला चूक ठरवावं लागेल, नाहीतर होऊन गेलेलं बदलावं लागेल. स्मरणाचा दाखला इथे पुरत नाही, कारण आता प्रश्न देव घडवतो का हा नसून भूतकाळ पक्का असतो हा आहे.

यावर जुनी उत्तरं आहेत. बोएथियस म्हणतो, देवाला 'आधी' लागूच नाही, तो काळाबाहेरून सगळं एकदम पाहतो. मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनसने देवाला उंचावरून सगळा रस्ता पाहणाऱ्याची उपमा दिली. रस्त्यावर चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, वरच्याला पुढचे-मागचे सगळे एका नजरेत दिसतात. उपमा सुंदर आहे, पण यशया देवाचं वेगळेपण सांगतो ते 'घडण्याआधी सांगितलं' असं. काळाबाहेरचं ज्ञान काळातल्या संदेष्ट्याच्या तोंडून बाहेर पडलं, की ते भूतकाळात जाऊन बसतंच. ओकहॅम या मध्ययुगीन विचारवंताने वेगळी वाट धरली. त्याच्या मते भूतकाळाविषयीची सगळी विधानं सारखी पक्की नसतात, काहींचा एक पाय भविष्यात असतो, आणि देवाला काल काय ठाऊक होतं हे विधान त्यातलंच.

तिसरं उत्तर मोलिनाचं. तिथे जाण्याआधी १ शमुवेल २३ उघडा. मला या विषयाची गोडी लागली ती याच अध्यायाने. दावीद कईला नावाच्या वेशी-अडसरांच्या नगरात आहे आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्यावर चालून यायच्या बेतात आहे. दावीद एफोद (देवाचा कौल घेताना वापरायचं याजकाचं वस्त्र) मागवून देवाला विचारतो, शौल येईल का? उत्तर: येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हवाली करतील का? उत्तर: करतील. दावीद आपली सुमारे ६०० माणसं घेऊन निघून जातो. तो निसटल्याचं कळताच शौल स्वारी रद्द करतो. म्हणजे देवाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत, आणि तरी देव खोटा ठरला असं कथेत कोणालाच वाटत नाही. मग देव जाणत होता ते काय? भविष्य तर नव्हे, कारण ते भविष्य आलंच नाही. दावीद थांबला असता तर काय झालं असतं, ते तो जाणत होता.

लुइस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, १५८८ मध्ये यावर आख्खी मांडणी उभी केली. तिला 'मध्यम ज्ञान' म्हणतात. काय काय शक्य आहे हे देव जाणतो, अमुक परिस्थितीत अमुक माणूस मोकळेपणाने काय करील हेही जाणतो, आणि ते पाहूनच कोणतं जग घडवायचं ते ठरवतो. सार्वभौमत्वही राहिलं, स्वातंत्र्यही राहिलं. हे कळलं तेव्हा मला आठवडाभर किल्ली सापडल्यासारखं वाटत होतं. मग कोणीतरी विचारलं, की तो माणूस निर्माणच झालेला नसताना 'तो असं करील' हे विधान खरं कशाच्या जोरावर? त्याला धडसं उत्तर मला अजून देता येत नाही. शिवाय कईलामध्ये देवाने फक्त लोकांच्या मनातला तेव्हाचा डाव सांगितला असेल, असंही वाचता येतं. मोलिना मला आवडतो, पण सही करून देण्याइतका नाही.

शब्दांचंही एक प्रकरण आहे. रोमकरांस पत्र ८:२९ मध्ये आधी पूर्वज्ञान येतं आणि मग आगाऊ नेमणं. ग्रीक क्रियापदं दोन वेगळी आहेत, प्रोगिनोस्को आणि प्रोओरिझो. काहींच्या मते पहिल्याचा अर्थ पुढची माहिती असणं. काहींच्या मते हे हिब्रू 'यादा'सारखं ओळखणं आहे, म्हणजे आपलं म्हणणं. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलाला म्हणतो, फक्त तुम्हालाच मी ओळखलं. इतर राष्ट्रांची त्याला माहिती नव्हती असा तिथे अर्थ होऊच शकत नाही. पण प्रेषितांची कृत्ये २६:५ मध्ये पौल तेच ग्रीक क्रियापद 'हे लोक मला पूर्वीपासून ओळखतात' अशा साध्या अर्थाने वापरतो. शब्दकोश दाखवून वाद जिंकल्याच्या थाटात कोणी आलं, की मी ही दोन वचनं पुढे ठेवते.

आता गटांविषयी थोडक्यात, कारण नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. पहिल्या महिन्यातच 'तू कॅल्विनवादी की आर्मिनियन?' असा प्रश्न येतो. ढोबळमानाने, तारणात देवाची निवडच निर्णायक मानणारे ते कॅल्विनवादी, माणसाच्या मोकळ्या प्रतिसादाला जागा ठेवणारे ते आर्मिनियन. उत्तर द्यायची घाई नको. आधी त्या माणसांनी स्वतः काय लिहिलं ते वाचा, विरोधकांनी केलेला सारांश नव्हे. कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स' या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत पूर्वनिवडीची, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवण्याची, चर्चा येते ती तिसऱ्या भागात, २१ ते २४ या प्रकरणांत, आणि त्याच्या अगदी आधीचं २० वं प्रकरण प्रार्थनेवर आहे. देव ठरवतो म्हणून प्रार्थना फोल, असं तो म्हणत असेल ही माझी समजूत अनुक्रमणिका पाहूनच गळून पडली. दुसऱ्या बाजूला, आर्मिनियस कृपेला दुय्यम मानतो असं मी ऐकलं होतं. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडलेल्या पाच कलमांतलं तिसरं कलम स्पष्ट सांगतं, की कृपेवाचून माणसाला स्वतःहून खरं भलं काही करता येत नाही. १६१८–१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेने ती कलमं फेटाळली, हा पुढचा इतिहास. रोममध्ये मोलिनाच्या बाजूचे जेझुइट आणि डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे लोक यांच्यातल्या अशाच वादाची सुनावणी वर्षानुवर्षं चालली. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच ती थांबवली आणि एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही अशी ताकीद दिली. माझ्या वर्गालाही ती ताकीद हवी होती.

अनुतापाच्या वचनांपाशी जरा थांबा. १ शमुवेल १५:११ मध्ये देव म्हणतो, शौलाला राजा केल्याचा मला अनुताप होतो. २९ व्या वचनात शमुवेल म्हणतो, देव मनुष्य नाही, तो अनुताप करत नाही. आणि ३५ व्या वचनात पुन्हा परमेश्वराला अनुताप झाला. हिब्रू क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच. लिहिणाऱ्याला विसंगती दिसली नसेल असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. १९९४ पासून 'ओपन थीइझम' या नावाने गाजलेली भूमिका ११ आणि ३५ ही वचनं सरळ घेते. तिच्या मते मोकळ्या निवडीचं भविष्य अजून झालेलंच नाही, त्यामुळे ते न जाणणं ही देवाची उणीव नाही. मांडणी प्रामाणिक आहे, पण २९ वं वचन तिला अवघड जातं, आणि कोंबडा आरवण्याआधी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील हे येशूचं भाकीत त्याहून अवघड. 'तीनदा' हा आकडा अंदाजाचा वाटत नाही.

आता माझी फजिती. एका बायबल अभ्यासात एका वयस्क मावशींनी विचारलं, "सगळं त्याला ठाऊकच आहे, तर मग प्रार्थना कशाला करायची, बाळा?" मी बोएथियसपासून सुरुवात केली. दहा मिनिटं बोलले. त्या "बरं" म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवला. तो डबीचा टक आवाज अजून कानात आहे. त्यांना यहूदाचा राजा हिज्कीया याची गोष्ट सांगायला हवी होती. २ राजे २० मध्ये यशया त्याला सांगतो, तू मरणार. हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो. यशया मधल्या चौकातून बाहेरही पडलेला नसतो, तोच त्याला मागे फिरायला सांगितलं जातं: आणखी १५ वर्षं. आणि त्यानंतर प्रेषितांची कृत्ये २७.

हा अध्याय तुम्ही पहिल्याच आठवड्यात वाचा. पौल कैदी म्हणून समुद्रमार्गे रोमला चालला आहे. तारवावर २७६ माणसं, वादळाची चौदावी रात्र. पौलाला देवदूताकरवी वचन मिळालं आहे, की तारू जाईल पण एकाचाही जीव जाणार नाही (वचनं २२ ते २४). ठरलं, सांगून झालं. मग खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी खाली सोडतात आणि पळून जायच्या तयारीत असतात. तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (वचन ३१). सैनिक दोर कापतात आणि होडी समुद्रात जाऊ देतात.

२४ आणि ३१ ही दोन वचनं एका कागदावर एकाखाली एक लिहा. कॅल्विनवादी म्हणेल, शेवटाबरोबर साधनही ठरलेलं होतं. आर्मिनियन म्हणेल, इशारा खरा होता म्हणूनच दिला. दोघांचंही पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. आणि सैनिकांनी दोर कापलेच नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने पुन्हा कईलाला जावं.